ठासणीच्या रायफलीला पीप लावायचीये? टँगवर की नळीवर, माझा अनुभव

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची रायफल घेऊन झाली, वर्षभर उघड्या साईटवर (मागे खाच, पुढे टोकाला माशी) मारून झालं, आणि आता पीप, म्हणजे भोकातून बघायची मागची साईट, लावायचीच असं मनाशी ठरलं की प्रश्न एवढाच उरतो, ती लावायची कुठे. मागे टँगवर (नळीच्या मागे दस्त्याच्या लाकडात बसलेली लोखंडी पट्टी), अगदी डोळ्याजवळ, की थोडी पुढे, नळीवर ब्रीचजवळ, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकाशी. मी दोन्ही लावून बघितल्यात आणि त्याही एकाच रायफलीवर. टँगवरची दोन सीझन वापरली, नळीवरचीचं आता चौथं वर्ष चालू आहे. त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे, पण बसून मोजमापं घेतलेला अभ्यास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी डेन्व्हरला असतो. रायफल हॉकिन धाटणीची (जुन्या अमेरिकन शिकारी रायफलीच्या घाटाची), ५० कॅलिबर, केपवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीवर) उडणारी, ३२ इंची अष्टकोनी नळी. उन्हाळाभर हिच्यावरच कागद फोडायचे आणि सप्टेंबरात हीच खांद्याला लावून एल्कच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) मागे डोंगरात जायचं. कोलोरॅडोत मझललोडरच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या, सीझनला स्कोप चालत नाही, बॅटरीवरचं काहीही चालत नाही, लोखंडी साईटच हवी, पीप मात्र चालते. आयडाहोतही उघडी किंवा पीप, एवढंच. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतातही, त्यामुळे तुमच्या राज्याचं त्या वर्षीचं पुस्तक उघडून बघाच.

पीप का, हे चाळिशी उलटलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. मागची खाच, पुढची माशी आणि समोरचं जनावर, या तिघांपैकी एकच काहीतरी स्वच्छ दिसतं. लहानपणी मालवणजवळच्या आमच्या गावात शेती राखायच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका बघितल्या होत्या, त्यांना मागची साईट नसायचीच, नुसती टोकाला पितळी माशी. मागची साईट म्हणजे डोळाच, आणि गाल दस्त्यावर जिथे टेकेल तिथून नेम बदलायचा. पीप हाच घोळ संपवते. भोकातून बघितलं की डोळा आपोआप माशी मधोमध आणतो, तुम्ही फक्त माशीकडे बघायचं. हे काम दोन्ही जागांवरच्या पीप करतात, पण सारख्या रीतीने करत नाहीत.

आधी टँगवरचीचं कौतुक करतो, कारण ती खरंच सुंदर चीज आहे. डोळ्याला जवळ, त्यामुळे भोक लहान ठेवलं तरी समोरचं भरपूर दिसतं. माशी आणि पीप यांच्यातलं अंतर माझ्या रायफलीवर जवळजवळ ३६ इंच झालं होतं, आणि हा ३६ आकडा फार सोयीचा आहे, कारण १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. पीप एक शतांश इंच सरकवली की १०० यार्डावर गोळी बरोब्बर १ इंच सरकते, ५० वर अर्धा इंच. हिशोब तोंडी होतो. पीप सरकवायची ती गोळी जिकडे जायला हवी तिकडेच, गोळी डावीकडे पडतेय तर पीप उजवीकडे, खाली पडतेय तर पीप वर. माशीचं नेमकं उलटं. नवीन माणसं इथेच गडबडतात आणि पन्नास केपा वाया घालवतात.

शिवाय चांगल्या मायक्रोमीटरवाल्या पीपला पाव मिनिटाचे क्लिक असतात, म्हणजे एका क्लिकला १०० यार्डावर गोळी साधारण पाव इंच सरकते. कागदावर मी सहा वाजताचा नेम धरतो, म्हणजे काळा गोल माशीवर ठेवल्यासारखा, आणि शिकारीत माशी जिथे तिथेच गोळी हवी. ६ इंचाचा गोल असेल तर १०० यार्डावर फरक ३ इंचाचा, म्हणजे १२ क्लिक. उन्हाळा संपला की १२ क्लिक खाली, सीझन संपला की १२ वर. वहीत लिहून ठेवलं होतं. ते क्लिक बोटांना जाणवतात ना, त्याचं सुख वेगळंच आहे.

एक खर्च मात्र कोणी आधी सांगत नाही. टँगवरची पीप उंच बसते. मी ती पूर्ण खाली उतरवली तरी ५० यार्डावर गोळ्या ८ इंच वर लागत होत्या. मग माशी उंच करावी लागते, किती, तर ८ गुणिले ३६ भागिले १८००, म्हणजे साधारण ०.१६ इंच. हा हिशोब करूनच नवीन माशी मागवा, आणि थोडी जास्त उंच मागवा, कारण कानस मारून कमी करता येते, वाढवता येत नाही. कानस मारताना दोनचार हात, मग तीन गोळ्या, परत दोनचार हात. माशी कमी झाली की गोळी वर चढते हे लक्षात ठेवून थोडं आधीच थांबायचं, उरलेलं पीपवर.

साईट बसवतानाची पद्धत दोन्हीला एकच आहे. २५ यार्डापासून सुरुवात, मग ५०, मग १००. दारू तीच, गोळीभोवतीची चिंधी तीच, ठासायच्या गजाचा जोर तोच, आणि प्रत्येक बार उडाल्यावर नळीत एक ओली चिंधी. तीन गोळ्या पडल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. एका गोळीवर साईट हलवली की दिवसभर तिच्यामागे पळत बसावं लागतं.

आता ज्याच्यामुळे माझा निकाल लागला ते सांगतो. हॉकिन धाटणीच्या बऱ्याच रायफलींना हूक ब्रीच असतो. नळी लाकडाला धरणाऱ्या पाचरी काढल्या की नळी हुकातून सुटून हातात येते, बादलीत उभी करायची, गरम पाणी, साबण, चिंधी वरखाली, धुणं एकदम सोपं. पण टँग येत नाही, टँग लाकडाला स्क्रूने पक्का राहतो. आणि तुमची पीप टँगवर आहे, माशी नळीवर आहे. म्हणजे दर वेळी धुताना तुम्ही पुढची साईट मागच्या साईटपासून वेगळी करताय आणि परत जोडताय. उघड्या साईटला हा त्रास नाही, कारण दोन्ही नळीवरच असतात.

मला हे कळायला पहिला अख्खा सीझन गेला. शनिवारी सुंदर ग्रुप (गोळ्यांचा झुबका), घरी येऊन धुवायचं, पुढच्या शनिवारी ग्रुप तेवढाच छान, पण दुसरीकडे. मी दारूला दोष दिला, गोळ्यांना दिला, स्वतःच्या श्वासाला दिला. मग एक दिवस रेंजवरच पाणी घेऊन गेलो. पाच गोळ्या मारल्या, नळी काढली, धुतली, पुसली, परत बसवली, पाचरी ठोकल्या, त्याच कागदावर पाच गोळ्या. कागद जवळ आणला तर दोन वेगळे झुबके, दुसरा पहिल्यापासून ३ इंच उजवीकडे, थोडा वर. १०० यार्डावर ३ इंच म्हणजे मागे फक्त तीन शतांश इंच, हुकात पाऊण मिलिमीटरची ढिलाई. तो कागद अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे.

उपाय केले. हुकाखाली पितळी पत्र्याची बारीक चकती घातली, फरक निम्म्यावर आला पण गेला नाही. नळी न काढता धुवून बघितलं, ते जमतं, पण पाणी लॉकमध्ये (घोड्याच्या यंत्रात) उतरतं आणि मग लॉक उघडून तेल द्यायची कटकट. रेंजवर हे सगळं चालवून घेता येतं हो, मॅचच्या आधी चार गोळ्या मारून क्लिक फिरवून घ्यायचे. पण तंबूत? दिवसा एक बार उडवला, संध्याकाळी नळी धुतलीच पाहिजे, काळी दारू रात्रभर ठेवून चालत नाही, आणि सकाळी उजाडायच्या आधी निघायचं तर तपासायला गोळी मारणार कुठे, अख्खं रान उठेल. ७० यार्डावर, जिथपर्यंत मी गोल गोळीने मारतो, हा फरक दोन इंचाच्या आसपास येतो, जनावराच्या छातीत तो खपूनही जाईल. पण चाप ओढताना मनात शंका असणं मला चालत नाही. जनावर जखमी होऊन पळालं तर ते माझ्यावर आहे.

म्हणून नळीवरची. गनस्मिथकडून ब्रीचजवळच्या वरच्या सपाटीवर दोन उथळ भोकं पाडून घेतली, आटे काढून घेतले (हे घरी करू नका, ड्रिल किती खोल गेलं याचा अंदाज चुकायची ही जागा नाही), आणि एक साधी, बुटकी पीप बसवली. क्लिक नाहीत, दोन स्क्रू सैल करायचे, सरकवायची, आवळायचे. बुटकी असल्यामुळे जुनी माशीच चालली. अंतर ३६ वरून ३० इंचावर आलं, म्हणजे एक शतांश इंचाला आता १०० यार्डावर १.२ इंच. कागदावर ग्रुप किंचित मोठा झाला असावा असं मला वाटतं, पण तो आहे तिथेच राहतो. धुवा, पुसा, बसवा, तिथेच.

तिचे तोटे आहेतच. डोळ्यापासून लांब, त्यामुळे भोक मोठं लागतं, नाहीतर बारीक पाइपातून बघितल्यासारखं वाटतं. माझं टँगवर कागदासाठी ०.०४० इंचाचं होतं, इथे शिकारीला भोकाची चकतीच काढून टाकतो आणि नुसत्या कड्यातून बघतो. शिवाय केपच्या जवळ असल्यामुळे दहा बारांत भोकाच्या कडेला काजळी धरते, खिशात पाइप क्लीनर ठेवावा लागतो. आणि क्लिक नसल्यामुळे सहा वाजताचा नेम मी सोडूनच दिला, आता कागदावरही मधोमध धरतो. काळ्यावर काळी माशी नीट दिसत नाही, तेव्हा कागदाच्या दिवशी तिच्या तोंडाला खडूचा पांढरा ठिपका लावतो.

भोकाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. लहान भोक उन्हात कागदावर सोन्यासारखं, पण सूर्य मावळल्यावर अर्धा तास कायद्याने मिळतो, तेव्हा स्प्रूसच्या झाडीत त्यातून काहीच दिसत नाही. आणि पाऊस. पहिल्याच सप्टेंबरात भुरभुर पावसात मी रायफल उचलली आणि लहान भोकात थेंब अडकलेला, समोर नुसता उजेडाचा गोळा. फुंकर मारली तोवर समोरची एल्कची मादी वळून झाडीत गेली. मोठ्या कड्यात थेंब धरत नाही.

तुमची रायफल इनलाइन (केप नळीच्या थेट मागे बसते अशी आधुनिक ठासणीची) असेल, किंवा टँग ब्रीचच्या प्लगशी एकजीव असलेली जुन्या घाटाची चकमकीची लांब रायफल असेल, तर माझी अडचण तुम्हाला लागू नाही, बिनधास्त मागे लावा, माशी आणि पीपमधल्या जास्त अंतराचा फायदा फुकटात मिळतोय. फक्त कागदावरच मारणार असाल आणि हूक घट्ट असेल तरीही टँगवरची कदाचित जास्त आवडेल. चष्मा असेल आणि दारू भरभक्कम भरत असाल, तर धक्क्याला ती काचेपर्यंत येते का हे आधी बघा, माझी दोनदा टेकली होती.

आणि विकत घ्यायच्या आधी एवढं करा. रायफल रिकामी आहे याची गज घालून खात्री करा, पाचरी पूर्ण ठोका, दस्ता मांडीत धरा, नळी आणि टँगच्या सांध्यावर आडवं नख ठेवा आणि दुसऱ्या हाताने नळीचं टोक डावीउजवीकडे दाबा. नखाला सांधा हललेला कळला तर टँगवरच्या पीपवर पैसे घालू नका.