ब्यूटाइल टेप : डेकवरच्या भोकांसाठी उत्तम, पण एकटीच्या भरवशावर राहू नये

मेरीलँडमधील ॲनापोलिस येथे माझी जुनी जे/24 ही शिडाची होडी असते. तिच्या पेंद्यात आणि डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचा गाभा आहे. अशा रचनेमुळे होडी वजनाला हलकी असूनही ताठ राहते. मात्र डेकवरच्या क्लीटचा (दोर अडकवण्याच्या खुंटीचा), विंचचा (दोर ताणण्याच्या चरखीचा) किंवा कठड्याच्या खांबाचा बोल्ट या गाभ्यातून आरपार जातो आणि त्याच्या भोवतीचे सीलंट सुटले की पाणी थेट लाकडात शिरते. अशा भोकांसाठी मी गेले तीन हंगाम होड्यांकरिता म्हणून मिळणारी राखाडी ब्यूटाइल टेप, म्हणजे कृत्रिम रबराची मऊ, चिकट पट्टी, वापरत आहे.

ती घेण्याची वेळ एका क्लीटमुळे आली. तो आधीच्या मालकाने मागाहून बसवला होता आणि खाली नुसते सिलिकॉन फासले होते. केबिनच्या छताला तपकिरी ओघळ दिसू लागल्यावर मडके वाजवून घ्यावे तसा मी प्लास्टिकच्या हातोडीने डेक वाजवत गेलो. इतरत्र खणखणीत आवाज येत होता, क्लीटभोवती तळहाताएवढ्या भागात मात्र बद्द. भोकातून गाभा उकरला तेव्हा उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा बाहेर आला. (ओल मोजण्याचे यंत्रही लावून पाहिले, पण जवळपास धातू असला की त्याचा आकडा फसवा येतो, म्हणून माझा भरवसा हातोडीवरच अधिक आहे.) बाल्साच्या तुकड्यांच्या शिरा उभ्या असल्याने पाणी लाकडातून आडवे हळू सरकते, परंतु तुकड्यांमधल्या फटी नीट भरलेल्या नसतील तर त्याच पन्हळीचे काम करतात. त्यामुळे ओघळ एकीकडे आणि पाणी मुरते भलतीकडे, असे सहज घडते. त्यात इथल्या थंडीत मुरलेले पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगते आणि थर एकमेकांपासून सोडवते.

म्हणून टेपला हात लावण्यापूर्वी जे करावे लागते, तेच खरे संरक्षण आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. वाकवलेली एलन की (षटकोनी दांड्याची चावी) ड्रिलमध्ये धरून भोकाच्या कडेने सुमारे एक सेंटीमीटर गाभा कोरून काढावा, तो भाग पूर्ण वाळू द्यावा, खालून भोक बंद करून आधी पातळ इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा डिंक) लाकडाला पाजावे आणि मग कोलॉइडल सिलिका ही बारीक भुकटी घालून लुकणासारखे घट्ट केलेले इपॉक्सी भरावे. मी वेस्ट सिस्टिम या ब्रँडचे 105 रेझिन आणि 206 हा सावकाश घट्ट होणारा हार्डनर 5 : 1 या प्रमाणात वापरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध बोल्टचे भोक पाडले. यानंतर सीलंट कधी निकामी झालेच, तर पाणी केबिनमध्ये टपकेल, पण गाभ्याला लागणार नाही.

टेपचे काम त्यापुढचे. भोकाची वरची कड थोडी तिरकी खरवडायची, टेपची बोटांनी बारीक वळी करून बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळायची आणि वरून बोल्ट स्क्रू-ड्रायव्हरने स्थिर धरून खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर धरलेली पकड सुटते. एका दमात आवळू नये. मी तीन दिवस रोज थोडे थोडे आवळले आणि प्रत्येक वेळी कडेने बाहेर आलेला राखाडी कंगोरा प्लास्टिकच्या पात्याने कापून काढला. ही टेप वर्षानुवर्षे मऊ राहते, म्हणून पुढे कधी क्लीट काढायचा झाला तर तो निघतो. घट्ट चिकटणारे पॉलियुरेथेन सीलंट वापरले असता तो काढताना जेलकोटचा (फायबरग्लासवरच्या चकचकीत बाह्य थराचा) टवका निघण्याची भीती असते.

तक्रारीही आहेत. जुलैच्या उन्हात टेप बोटांना इतकी चिकटते की मी रोल बर्फाच्या पेटीत ठेवतो, आणि नोव्हेंबरात ती लवकर दबत नाही. इंधनाने ती विरघळते, त्यामुळे टाकीच्या झाकणाखाली चालत नाही. पाण्याच्या रेषेखालीही मी ती लावत नाही; तिथे भोकाभोवतीचा गाभा काढून त्या जागी भरीव फायबरग्लास करणे हाच मार्ग आहे. सुरुवातीला एका हार्डवेअरच्या दुकानातून स्वस्तातला रोल आणला होता, तो पहिल्याच उन्हाळ्यात वितळून डेकवर ओघळला. कठड्याचे खांब माणसाच्या भाराने सतत हिंदकळतात, म्हणून तिथे टेपबरोबर खालून रुंद धातूची पट्टीही लागते.

यंदा मार्चमध्ये ताडपत्री काढली तेव्हा क्लीटखाली चिकटवलेला टिश्यूपेपर कोरडा होता. शेजारच्या विंचखालचा मात्र ओला निघाला. त्याचे बोल्ट अजून जुन्या सिलिकॉनवरच आहेत, आणि नवा रोल त्यासाठीच मागवला आहे.