पीजीव्हेक्टर रिव्ह्यू: ऑफिसच्या पीसीवर लाखो कागद शोधायचे असतील तर

वकिलाच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणं म्हणजे निम्मा दिवस "अरे ती केस काढ ना" यातच जातो राजेहो. आमच्या साहेबांचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला, नागपूर खंडपीठाचे निकाल, जुने दावे, अर्ज, स्कॅन केलेले मराठी कागद, सगळं परिच्छेद-परिच्छेद तोडून टाकलं तर काही लाख तुकडे होतात. त्यातून अर्थावरून शोधायला पीजीव्हेक्टर वापरतोय, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसला जोडायचं फुकटचं एक्स्टेन्शन आहे, २०२१ पासून आहे. एका वाक्यात सांगायचं तर, एका ऑफिससाठी पुरून उरतं, महिन्याचं भाडं घेणारी वेगळी सर्व्हिस घ्यायची गरज नाही, पण डिफॉल्ट सेटिंगवर सोडून दिलं तर शिव्याच द्याल.

आधी चांगलं सांगतो. साहेबांनी टाकलं "पांदण अडवली, बंडी जात नाही" आणि वर आला इंग्रजी निकाल, ज्यात पांदणही नाही न् बंडीही नाही, नुसतं राइट ऑफ वे, म्हणजे रस्त्याचा हक्क, आणि ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळा. आता ही करामत मजकुराचे आकडे करणाऱ्या एआय मॉडेलची, आम्ही बीजीई-एम३ वापरतो, शंभरावर भाषा समजतं आणि प्रत्येक तुकड्याचे १०२४ आकडे करून देतं, अर्थ जवळचा तर आकडेही जवळचे. पीजीव्हेक्टरचं काम ते आकडे ठेवणं आणि तुमच्या प्रश्नाच्या जवळचे कोणते ते काढून देणं. वेगाची सगळी मारामारी इथंच आहे.

इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून आधीच करून ठेवलेली सूची, न टाकता वापरलं तर ते दर वेळी प्रत्येक तुकड्याशी तुलना करतं. उत्तर अचूक येतं, पण तोवर साहेब दुसऱ्या अशिलाशी बोलून मोकळे होतात. हजारभर कागदांना चालेल, लाखांना नाही. उपाय म्हणजे एचएनएसडब्ल्यू इंडेक्स, मूळ पद्धत २०१६ ची, पीजीव्हेक्टरमध्ये आली २०२३ ला. नागपूरच्या महाल भागात कुणाचं घर शोधताना आपण दारोदार विचारतो का, आधी गांधी गेट गाठतो, मग गल्ली, मग घर. तसंच, वरच्या थरात मोजकेच बिंदू (एक तुकडा म्हणजे एक बिंदू) न् लांब उड्या, खाली येत येत जवळचे शेजारी. सगळे तपासतच नाही म्हणून वेगवान, आणि म्हणूनच कधी एखादा चांगला निकाल हातचा सुटतो. किती कसून शोधायचं त्याचा आकडा ईएफ सर्च, डिफॉल्ट ४०, आम्ही १०० वर ठेवलाय, वेळ जरा जास्त लागतो पण वकिली कामात सुटलेला निकाल महाग पडतो.

मेमरीचं गणित मात्र पीसी विकत घ्यायच्या आधीच करा. १०२४ आकडे, एकेकाला ४ बाइट, म्हणजे १० लाख तुकड्यांचे नुसते आकडेच ४ जीबीच्या वर, इंडेक्सच्या जोडण्या वेगळ्या. इंडेक्स रॅममध्ये मावला नाही की डिस्कवर पळापळ सुरू आणि वेग गेला. हाफव्हेक नावाचा प्रकार आहे त्यात एका आकड्याला २ बाइटच लागतात, जागा अर्धी, आणि आम्हाला तरी निकालांत फरक दिसला नाही. डोळे झाकून हाफव्हेक घ्या. दुसरं म्हणजे इंडेक्स बनवताना मेंटेनन्स वर्क मेम, म्हणजे अशा कामाला दिलेली मेमरी, वाढवा, पोस्टग्रेसमध्ये ते डिफॉल्ट ६४ एमबी असतं, तेवढ्यात इंडेक्सच्या जोडण्यांचं जाळं मावत नाही आणि काम रेंगाळतं. मे महिन्यात दुपारी तर हे करूच नका, कूलर पीसीसाठी लावायचा का माणसांसाठी असा प्रश्न पडतो, रात्री लावून घरी जा.

आता खटकलेलं. साहेबांना हवे असतात "फक्त २०१५ नंतरचे" निकाल. डिफॉल्टवर इंडेक्स आधी जवळचे ४० काढतो आणि वर्षाची अट त्यावर नंतर लागते, म्हणजे अटीत दहा टक्केच कागद बसत असतील तर हातात येतात चारेक. डेटाबेसमध्ये ढीगभर असताना! यावर पीजीव्हेक्टरच्या ०.८ व्हर्जनपासून इटरेटिव्ह स्कॅन आलाय, पुरेसे मिळेपर्यंत पुढं शोधत राहतो, पण तो मुळात बंद असतो, तुम्हालाच चालू करावा लागतो. हे चालूच का देत नाहीत, देव जाणे.

आणि कलमांचे नंबर. "महसूल संहिता कलम १४३" टाकलं तर अर्थावरून शोधणाऱ्याला १४३ न् १४८ मध्ये फारसा फरकच वाटत नाही, रस्त्याच्या हक्काच्या जागी भलतंच काही समोर येतं. त्यासाठी पोस्टग्रेसचा साधा शब्दशोध जोडीला लावलाय आणि दोन्ही याद्यांतल्या क्रमांकावरून एकच यादी करतो. या साध्या शोधात मराठीचं व्याकरण नाही हो, हिंदीचं आहे, नेपाळीचं आहे, मराठीचं नाही. "रस्ता" शोधला तर "रस्त्याला" सापडत नाही. नंबर आणि नावं यांच्यापुरताच तो ठेवा, बाकी मॉडेलवर सोडा.

जुन्या टायपिंगवाल्यांच्या फायली असतील तर वेगळंच दुखणं, कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर आत बघितला तर नुसता कचरा दिसतो, आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर कितीही भारी इंडेक्स लावा, कचराच वेगानं सापडेल.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फिल्टरसाठी, म्हणजे त्या वर्षाच्या अटीच्या भानगडीसाठी. ज्यांचं पोस्टग्रेस आधीच चालू आहे त्यांनी पीजीव्हेक्टरचं ०.८ किंवा त्यापुढचंच व्हर्जन टाका, आणि कोट्यवधी तुकडे असतील तर मग दुसरं काही बघा, ऑफिसच्या पीसीचा तो विषय नाही.