आणे-पै की नवे पैसे?
सांगलीच्या हळदपेठेत आमच्या आजोबांनी दोन्ही हिशेब केले. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपया १६ आण्यांचा, १९२ पैंचा; नंतर १०० नव्या पैशांचा.

वाटणीला जुना रुपयाच सरस. तिघांत ५ आणे ४ पै, काही उरत नाही. नव्यात ३३-३३ देऊन एक पैसा उरतोच.

पण बेरीज? १३ आणे ९ पैंत ७ आणे ८ पै मिळवा: आधी १२ पैंचा (म्हणजे एका आण्याचा) हातचा, मग १६ आण्यांचा, तेव्हा कुठे १ रुपया ५ आणे ५ पै! नव्यात साधी बेरीज. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ नसलेल्या पोरालाही वही लिहिता येते, म्हणून मी नव्याच्याच बाजूने. बदलताना मात्र आणा सव्वासहा पैशांचा निघाला, आणि पाव पैशाचं नाणंच नव्हतं.

चाराणे-आठाणे बोलण्यात राहिले ते राहिलेच.