आठ महिने एकाच मॅन्युअल लेन्सवर: ३५ एमएम, एफ १.४

दिवाळीत घेतली होती, आता मृग उलटून आर्द्रा लागल्या, म्हणजे आठ महिने झाले. या आठ महिन्यात कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स चार-दोनदाच चढली असेल. घ्यायच्या आधी मी लई शोधलं होतं, पण जिकडं तिकडं बॉक्स उघडल्या दिवशीचेच रिव्ह्यू, धुळीत, लग्नात, रानात वापरल्यावर काय होतं ते मराठीत कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून मी लिहितोय.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या मापाच्या स्वस्त चिनी लेन्स चार-पाच कंपन्या बनवतात आणि त्यांच्यात उन्नीस-बीसचाच फरक आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ३५ एमएम, एफ १.४, क्रॉप सेन्सरसाठी (फुल फ्रेम म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढा सेन्सर, क्रॉप त्याहून लहान), सगळं हातानं. फोकस हातानं, अपर्चर (हा एफचा आकडा, जेवढा लहान तेवढा उजेड जास्त) हातानं, आतमधे मोटार नाही. पूर्ण धातूची, १८० ग्रॅम, मुठीत मावते. माझा कॅमेरा सोनी ए ६०००, दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, शबनममधे टाकली की खांद्याला कळत पण नाही. क्रॉपमुळं फुल फ्रेमच्या ५२ एमएमसारखा व्ह्यू मिळतो, म्हणजे माणसाचा कमरेपासून वरचा फोटो दोन पावलांवरून निघतो.

पहिल्या दिवशी बऱ्याच जणांचं अडतं ते इथं: लेन्स लावली, बटन दाबलं, फोटोच निघेना. लेन्सला कॅमेऱ्याशी जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट नसतात म्हणून कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत ‘रिलीज विदाऊट लेन्स’ शोधून इनेबल करा, झालं. मग पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं ते) चालू करा आणि एका कस्टम बटनावर फोकस मॅग्निफायर (चित्र मोठं करून दाखवतो तो) ठेवा. पीकिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, १.४ वर ते कानाला पण लाल करतं आणि पापणीला पण, आणि फोटो बघितला तर डोळा मऊ. मोठं करून बघाल तेच खरं.

कारण १.४ वर शार्प राहणारी पट्टी किती बारीक असते ते आधी डोक्यात बसायला पाहिजे. समोरचा १ मीटरवर असला तर साडेचार सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं. २ मीटरवर वीतभर पण नाही. अर्ध्या मीटरवर एक बोट सुद्धा नाही. पहिला महिना माझे दहातले सात फोटो हुकायचे आणि मला वाटायचं लेन्सच खराब आली. आमचे मामा रोलच्या जमान्यातले फोटोग्राफर, उदगीरला त्यांचा स्टुडिओ होता, त्यांनी लेन्स हातात घेऊन दोन-तीन वेळा फिरवली आणि म्हणले, "डोळ्याला लावून कशाला शोधायलास रं, पावलानं मोज की. आधी रिंग लाव, मग तू हल."

ते एकच वाक्य माझ्या कामी आलं. त्याच दिवशी मी फोकस रिंगवर एम-सीलचा ज्वारीएवढा दाणा चिकटवला, असा की तो बरोबर खाली आला की २ मीटर. आता कॅमेरा छातीवर असतानाच बोटाला दाणा लागतो, तो अंगठ्याच्या बाजूला सरकला तर जवळ, करंगळीकडं गेला तर लांब, बघायची गरज नाही. आणि दिवसा रस्त्यावर तर एफ ८ ला ३ मीटर लावून ठेवायचं, मग साधारण सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं सगळं कामापुरतं शार्प येतं. लातूरच्या गंजगोलाईत बाजाराच्या दिवशी मी रिंगला हातच लावत नाही, ऑटोफोकसवाल्यापेक्षा लवकर फोटो निघतो, हे वाढवून सांगत नाही.

पण ही लेन्स घ्यायचं खरं कारण अंधार आहे. औसा तालुक्यात चुलतभावाचं लग्न, रात्री गोंधळ. चौक मांडलेला, आणि साडेदहाला लाईट गेली. व्हिडिओवाल्याचा दिवा पण बंद. नुसत्या दिवटीच्या उजेडावर गोंधळ चालू राहिला. मी एफ १.४, शटर १/६० सेकंद, आयएसओ (हा वाढवला की कमी उजेडात पण फोटो निघतो) ३२०० लावलं, रिंग २ मीटरवर, आणि खाली बसलो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ३५ ला ५.६ च्या आसपास उघडते, म्हणजे जवळपास सोळा पट कमी उजेड, तिथं आयएसओ ५०००० च्या वर लागला असता आणि ए ६००० साध्या फोटोत २५६०० लाच थांबतो. फ्लॅश मारला असता तर निघाला असता फोटो, पण मग दिवटीचा तो तांबडा उजेडच गेला असता, आणि आजी-आत्या हात जोडून बसलेल्या, त्यांच्या तोंडावर फ्लॅश मारावा असं मला वाटत नाही. संबळवाला झुलत पुढं यायचा, मागं जायचा. मी फोकस हलवला नाही, तो माझ्या दोन मीटरात यायची वाट बघितली. चाळीसेक फोटोतले नऊ लागले. एकात दिवटीवरून ओघळलेलं तेल गोंधळ्याच्या मनगटापर्यंत आलंय, त्या थेंबात ज्योत दिसते, आणि मागं बसलेल्या सगळ्या बायका मऊ सोनेरी झाल्यात. तो फोटो मोठा करून काकूंच्या घरी लावलाय.

अजिंठ्याला पण तेच. बहिणीकडं संभाजीनगरला गेलो होतो तेव्हा एक दिवस काढला. चित्रांवर फ्लॅश चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या लेणीत पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद, डोळ्याला बसायलाच दोन मिनिटं लागतात. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन नाही, लेन्समधे पण नाही, म्हणून कोपरं पोटाला टेकवून, अर्धा श्वास सोडून १/३० वर घेतले. भिंतीचं चित्र सपाट असतं, समोरून सरळ उभं राहिलं की पट्टी बारीक असली तरी चालतं, फक्त १.४ वर कोपरे मऊ आणि काळपट येतात, म्हणून मी २ वर घेतले.

आता जे आवडलं नाही ते. ज्योत किंवा बल्ब फ्रेमच्या आत आला की दुधाळ पडदा येतो आणि फ्रेमच्या उलट्या बाजूला हिरवट ठिपका उठतो. येळवसला (वेळ अमावस्येला) संध्याकाळी रानात हेंडगा फिरवतात, कडब्याची पेटलेली पेंढी घेऊन पोरं पिकाच्या कडेनं पळतात, त्यात मला याचा लई त्रास झाला. पेंढी पोराच्या डोक्याआड आली तेवढेच फोटो कामाचे निघाले, बाकी सगळे धुपले. एफ २.८ ला गेलं की पडदा बराच कमी होतो, पण मग उजेड चौथाई राहतो. दुसरं, रिंग इन्फिनिटीच्या खुणेच्या पुढं पण फिरते, त्यामुळं चंद्र-तारे काढायचे तर खुणेवर लावून भागत नाही, मोठं करून बघावंच लागतं. तिसरं, मे महिन्यात ४२ डिग्रीत आतलं ग्रीस पातळ झालं असावं, रिंग इतकी सैल फिरायला लागली की बॅगेतून काढेपर्यंत दाणा जागेवर नसायचा. पाऊस पडल्यावर परत घट्ट झाली. फोटोच्या फाईलमधे अपर्चर येत नाही, मला त्याचं काही वाटलं नाही.

पळणारी लहान लेकरं आणि कबड्डीसाठी ही घेऊ नका. लग्नाचा धंदा करणाऱ्यानं एकटी ही घेऊन जाऊ नये, वरमाला एकदाच पडते.

आणि लेन्ससोबतच तिच्या तोंडाच्या मापाचा (माझ्या लेन्सला ३९ एमएम) एनडी ८ फिल्टर, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी काळी काच, मागवा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ १.४ वर शटर १/१२००० च्या वर लागतं आणि ए ६००० चं १/४००० ला संपतं, म्हणजे फोटो पांढराफेक. एनडी ८ लावला की तेच १/१६०० वर येतं. मी तो एप्रिलमधे मागवला, तोपर्यंत जत्रेतले दिवसाचे सगळे फोटो मला एफ २.८ च्या पुढंच काढावे लागले.