किल्ली फिरवली तेव्हा पिवळा दिवा लागलाच नाही

जुनी गाडी बघायला मी पोचलो तेव्हा बॉनेट तापलेलं होतं. "आत्ताच पंपावरून डिझेल भरून आणली, दादा," डीलर म्हणाला. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर तिथूनच मागे फिरा. थंड इंजिन कसं सुरू होतं, हेच तर त्याला तुमच्यापासून लपवायचं असतं.

सात सीटर डिझेल गाडी, ६,८५,००० रुपये. त्यातले ६,३५,००० जुन्या मालकाच्या खात्यात आणि ५०,००० डीलरला रोख, बिनपावतीचे. मीटरवर ७८,४१२ किलोमीटर. मीटर पाडतात, म्हणजे आकडा मागे नेतात, हे मलाही माहीत होतं, म्हणून पेडलची रबरं किती झिजलीत ते नीट पाहिलं. ती नवीन बसवलेली होती, एवढंच लक्षात आलं नाही.

पण खरा राग येतो तो त्या दिव्याचा. इग्निशन ऑन केलं, इंजिन अजून बंद. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागून विझला. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा, म्हणजे चेक इंजिनचा, लागलाच नाही. मी पॅनलकडेच बघत होतो! मनात म्हटलं, दिवा नाही म्हणजे दोष नाही. खरं तर इंजिन सुरू होण्याआधी तो लागायलाच हवा. लागला नाही, तर तो बिघडलेला तरी असतो, नाहीतर कोणीतरी बंद केलेला. मागच्या सीटवर मुलांची खिडकीवरून भांडणं, आई मधल्या रांगेत बसूनही झालेली, आणि डीलर सांगतोय की दुसरी पार्टी टोकन घेऊन निघाली आहे. अशा वेळी कोणाचं डोकं शांत राहतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पांढरा धूर सोडत, थरथरत सुरू झाली. मेस्त्रीने स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसल्यापासून ती जेमतेम ६४ किलोमीटर चालली होती, म्हणजे विकायच्या तोंडावर पुसलेले. पाचशे-सातशे रुपये देऊन हा स्कॅन घेण्याआधी करून घ्या. इंजिनात डिझेल फवारणारे दोन इंजेक्टर, ३७,०००. न्यूट्रलला येणारी खडखड, जिला डीलर "डिझेलचा आवाज" म्हणाला होता, ती ड्युअल मास फ्लायव्हीलची (इंजिन आणि क्लचमधलं, हादरे शोषणारं जड चाक) निघाली, क्लचसह ५८,४००. तिसऱ्या रांगेत गार हवा नाही, एसीचा हवा गार करणारा मागचा इव्हॅपोरेटर गळका, २१,७५०. दोन रात्री उभी राहिली की बॅटरी संपायची. वायरमनने सगळं बंद करून मोजलं तर ६०० मिलीअँपिअर वाहत होते, ५० च्या आत हवे होते. डिकीच्या बिजागरीपाशी वायरिंग तुटून उघडं पडलेलं, १४,३००. अकरा आठवड्यांत एकूण १,३१,४५०.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. आरटीओत सांगितलं, आमचं काम नाव चढवण्यापुरतं. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, गाडी त्याच्या ताब्यात आली की तसं आरटीओला कळवणारा फॉर्म २९सी भरावा लागतो. याच्याकडे ते आहे का, एवढंच विचारलं, तर खिडकीवरून उत्तर आलं, "माहितीचा अधिकार टाका." अधिकारपत्र देणारं कार्यालय तेच, आणि मी अर्ज टाकायचा! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पण डीलरने उत्तरच दिलं नाही. वकिलांनी कागद पाहिले. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही जुन्या मालकाची, डीलरचं नाव कुठेच नाही. आता तो म्हणतो, "मी फक्त ओळख करून दिली." पैसे ज्याला देताय त्याच्याच नावाची पावती घ्या, किलोमीटरच्या आकड्यासकट. रोख एक रुपया देऊ नका.

शेवटी जुन्या मालकालाच फोन लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी शेवटच्या सर्व्हिसचं जॉब कार्ड पाठवलं. मीटर १,४६,२३०. तक्रारीच्या रकान्यात पहिलीच ओळ: चेक इंजिनचा दिवा सतत लागतो.