स्टार ट्रॅकर, साताऱ्याची गच्ची आणि अण्णांचा ओळंबा: सात महिने वापरल्यावर

दिवाळीत घेतलेल्या ट्रॅकरचा रिव्ह्यू जूनमध्ये लिहितोय, कारण नोव्हेंबरात लिहिला असता तर रागारागात एक स्टार देऊन मोकळा झालो असतो, आणि नंतर कळलं की निम्म्या चुका माझ्याच होत्या. कंपनीचं नाव टाकत नाहीये. मला ४० हजारांच्या आसपास पडला, ट्रायपॉड वेगळा. या वर्गातले छोटे ट्रॅकर साधारण एकाच पद्धतीने चालतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते दुसऱ्या कुठल्या कंपनीचा घेतलात तरी बऱ्यापैकी लागू पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसतं, ट्रॅकर कॅमेऱ्याला त्याच वेगाने आकाशाबरोबर फिरवतो, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी. माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि १३५ मिमीची जुनी लेन्स आहे, ट्रॅकर नसताना शटर २ सेकंदांच्या वर उघडं ठेवलं की तारे लांबट व्हायला लागतात. ट्रॅकरवर एक मिनिट आरामात मिळायला पाहिजे.

तर पहिल्या रात्री एक मिनिटाचा फोटो काढला आणि ताऱ्यांच्या शेवया झालेल्या! म्हणलं ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे नीट रोखला नसेल (तो तसा रोखावाच लागतो), परत केलं, परत शेवया. तीन रात्री हेच. चौथ्या रात्री डोकं चाललं आणि ट्रॅकर बंद करून एक फोटो काढला, चालू करून एक काढला, दोन्ही लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून रेषा मोजल्या. बंद असताना मृगातल्या ताऱ्याची रेषा साधारण १५५ पिक्सेल, चालू असताना ३१० च्या आसपास. म्हणजे ट्रॅकर चालू केल्यावर दुप्पट! बॅटरीच्या झाकणाशेजारी एक नखाएवढं बटण आहे, एन (उत्तर गोलार्ध) आणि एस (दक्षिण गोलार्ध), ते एसवर होतं. यंत्र इमानदारीत ऑस्ट्रेलियाचं आकाश ट्रॅक करत होतं, उलट्या दिशेने. बॉक्समध्ये जे मॅन्युअल म्हणून पान येतं त्यात या बटणावर अर्धी ओळ आहे. ही मोजामोजी मात्र लक्षात ठेवा, फार कामाची आहे: रेषा दुप्पट आली तर दिशा उलटी, निम्मी आली तर ट्रॅकर हाफ स्पीड मोडवर, म्हणजे अर्ध्या वेगावर राहिलाय, आणि बंद-चालू दोन्हीत सारखीच आली तर मोटर फिरतच नाहीये किंवा क्लच ढिला आहे.

दुसरी भानगड पॉवर बँकेची. ट्रॅकर इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला आणि ती अर्ध्या मिनिटात झोपते. आपण खाली जेवायला गेलेलो, वर कॅमेरा तासभर रेषा काढत बसलेला. सेलवर चालवलं तर थंडीत सेल लवकर बसतात. शेवटी डिसेंबरात लेन्सवर दव जमायला लागलं म्हणून यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी मागवली, ती त्याच पॉवर बँकेला लावली आणि दोन्ही दुखणी एकदम गेली, पट्टी एवढा करंट ओढते की बँक जागी राहते. ही अक्कल माझी नाही, निव्वळ योगायोग.

आता मुख्य तक्रार, आणि ही खरंच यंत्राबद्दल आहे. ट्रॅकरचा आस (ज्याभोवती तो फिरतो) ध्रुवाच्या बाजूला रोखावा लागतो आणि ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढे तुमचे अक्षांश. साताऱ्यात पावणेअठरा अंश, म्हणजे हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की संपलं. युरोपातला माणूस हेच यंत्र ५० अंशांवर लावतो, तेव्हा वजन बऱ्यापैकी ट्रायपॉडच्या डोक्यावर येतं. आपल्याकडे ट्रॅकर जवळजवळ आडवा झोपतो आणि कॅमेरा, लेन्स, काउंटरवेट (तोल साधायचं वजन) सगळं उत्तरेला पुढे लोंबतं. बरोबर येणारा वेज (ट्रॅकर तिरका धरणारा, कोन बदलता येणारा तळ) या कोनात कुरकुरतो. स्क्रू फिरवून ध्रुव अगदी चपखल बसवला आणि लॉक आवळला की डोकं किंचित खाली बसतं, ध्रुव गेला. मग मुद्दाम थोडा वर ठेवून आवळायचं, अंदाजपंचे दाहोदरसे. वजन पेलायला ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला केला तर काउंटरवेटचा दांडा फिरत येऊन त्याच पायाला धडकतो, पाय बाजूला केला तर सगळं पुढे कलतं. या एका गोष्टीसाठी दीड स्टार कापतोय.

त्यात आमचा आणखी एक घोळ. उत्तरेच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवला आणि त्यावर काळी टाकी. ध्रुव टाकीच्या मागे! पोलर स्कोपमध्ये (ध्रुव बघायच्या ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीत) टाकीचं झाकण दिसतं. मोबाइलच्या होकायंत्रावर उत्तर लावायला गेलो तर स्लॅबमधल्या सळ्यांमुळे गच्चीच्या तीन कोपऱ्यांत तीन उत्तरा निघाल्या.

इथे अण्णा कामाला आले. वडील आयुष्यभर बांधकामावर, मला वाटलं माझ्या या उद्योगात त्यांना काही रस नाही.

"तुला सरळ उत्तर-दक्षिण रेघ पायजे ना? मग दुपारी काढ की, रात्री काय तडफडतोस."

"अण्णा, दुपारी तारे कुठनं आणू?"

"सूर्य काय आहे मग?"

आणि माळ्यावरनं त्यांचा ओळंबा (दोरीला लटकवलेलं वजन) आणि पाणसळ (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी) काढून आणली. सूर्य बरोबर मध्यान्हीला आला की ओळंब्याच्या दोरीची सावली खऱ्या उत्तरेला पडते, होकायंत्राची नाही, खरी उत्तर. फक्त घड्याळाचे १२ म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपली वेळ ८२.५ रेखांशाची, सातारा ७४ वर, तिथेच ३४ मिनिटं गेली, वर जानेवारीच्या शेवटी सूर्य आणखी बाराएक मिनिटं मागे असतो. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाची नेमकी वेळ बघितली, पावणेएकच्या जरा पुढे आली. वेळ चुकवू नका, त्या सुमारास सावली मिनिटाला जवळजवळ ०.४ अंश सरकते. मी मोबाइल धरून "आत्ता!" म्हणून ओरडलो आणि अण्णांनी गवंड्याच्या दोऱ्याला निळ लावून फाटकन रेघ मारली. आई खालून विचारतेय काय फुटलं.

मग मी थोडा खर्च केला. एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ इंची लोखंडी पाइपचा कमरेएवढा खांब करून घेतला, खाली तीन पायांची प्लेट, वर वेज बसायला बोल्ट, पाइपात वाळू भरली म्हणजे कंप लवकर मरतो. खांब एकच असल्यामुळे दांड्याला धडकायला पाय नाही आणि तोल सरळ खांबावर. स्लॅबला भोक पाडू दिलं नाही अण्णांनी (गळती कोण काढणार), म्हणून तीन पायांच्या जागी लाल ऑइलपेंटचे तीन ठिपके. रात्री खांब ठिपक्यांवर ठेवायचा, पाणसळ बघायची, दहा मिनिटांत काम सुरू.

सावलीने अर्ध्या अंशाच्या आसपास उत्तर मिळते, पुढचं बारीक काम ताऱ्याकडून करून घ्यायचं. मृगातल्या त्रिकांडातला आधी उगवणारा तारा, मिंटाका, खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या रेषेला) जवळजवळ चिकटून आहे. जानेवारी अखेरीस तो पावणेदहाच्या सुमारास दक्षिणेला बरोबर मध्यावर येतो. तेव्हा त्याच्यावर कॅमेरा लावून पाच पाच मिनिटांनी छोटे फोटो काढायचे. तारा फ्रेममध्ये दक्षिणेकडे घसरत असेल तर आस पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे जात असेल तर पश्चिमेला. उंचीसाठी हेच पूर्वेला वर आलेल्या मघा ताऱ्यावर करायचं: दक्षिणेला घसरला तर आस खाली आहे, उत्तरेला गेला तर वर. दोन-तीन रात्री गेल्या यात. पण ध्रुव एकदाही न बघता झालं.

आणि खरं सांगू का, लहान लेन्स असेल तर एवढं जिवाला लावून घ्यायची गरजच नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून (ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं) पाऊण अंशाच्या आत आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. नुसता ध्रुव मध्यभागी धरलात तरी माझ्या १३५ वर मिनिटाला फार तर दोन पिक्सेल सरकतं. ३० सेकंदांचे फोटो घेतले तर कळणारही नाही. ध्रुव दिसत असेल तर नशीबवान आहात, सुरुवात तिथून करा.

निकाल? फेब्रुवारीत मृगाचा तेजोमेघ, एक एक मिनिटाचे ११० फोटो, त्यातले ८७ कामाचे निघाले. बाकीच्यांपैकी काही ट्रॅकरच्या गिअरच्या लचक्यांमुळे गेले, काही पाण्याची मोटर चालू झाल्यावर गच्ची थरथरली म्हणून, आणि तीन अण्णांनी जिन्यातला लाइट लावला म्हणून. ("लाइट बंद ठेवून जिन्यात पडू का मी?") सिरिलमध्ये स्टॅक केले (सगळे फोटो एकावर एक रचून एक चित्र), फुकट सॉफ्टवेअर आहे, शिकायला एक रविवार जातो. शहराच्या एलईडीच्या उजेडातसुद्धा तेजोमेघाचे पंख बाहेरपर्यंत आले, १३०० प्रकाशवर्षांवरचं काहीतरी आमच्या गच्चीवरनं, आईने ते चित्र फ्रिजवर लावलंय. अश्वमुख (मृगातलाच, लाल तेजोमेघापुढचा घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग) मात्र जेमतेम जाणवतो, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो लाल रंग अडवतो, त्याचा दोष ट्रॅकरला देऊ नका.

माझे स्टार ५ पैकी साडेतीन. मोटर चांगली आहे, आवाज नाही, तीन किलोपर्यंत वजन कुरकुर न करता ओढते. वेज टाकाऊ आहे, मॅन्युअल त्याहून टाकाऊ. घेणार असाल तर सगळे पैसे ट्रॅकरवर उडवू नका, पाच-सात हजार खालच्या आधारासाठी बाजूला ठेवा. हलका ट्रॅव्हल ट्रायपॉड असेल तर त्यावर हे यंत्र लावूच नका. २०० मिमीच्या वरची लेन्स लावायची स्वप्नं असतील तर गाइडिंगसकट (दुसरा कॅमेरा तारा बघून चूक सुधारत राहतो ती सोय) मोठा माउंट बघा, यात जीव नाही तेवढा. आणि मुंबई-पुण्यात गच्चीला कुलूप असेल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीशी गोड बोलून घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने आकाश बंद, लेन्सला बुरशी धरायची भीती. सध्या ट्रॅकर आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात आहेत. डबा कुरडयांचा आहे आणि आई रोज विचारतेय कधी रिकामा करणार म्हणून.