कुरूप, घट्टा की चामखीळ: कॉर्न कॅप लावायची, डॉक्टर गाठायचा की नुसती चप्पल बदलायची?

केमिस्टकडे ‘कुरूपावर काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर दोन वस्तू येतात: कॉर्न कॅपचं, म्हणजे मधे औषधाचा ठिपका असलेल्या चिकटपट्टीचं पाकीट आणि औषधाची छोटी बाटली. दोन्हींत मुख्य काम करतं ते बहुतेक वेळा एकच द्रव्य, सॅलिसिलिक आम्ल. म्हणून या दोहोंतून एक निवडायला फार डोकं लागत नाही. डोकं त्याच्या आधी लागतं, कारण पायाला झालंय ते कुरूपच आहे का, हे दुकानात कुणी विचारत नाही.

घट्टा पसरट असतो. पिवळसर, कडा अस्पष्ट, टाचेवर किंवा चवड्यावर. दाबला तर सहसा दुखत नाही. कुरूप लहान, गोल आणि मधोमध कडक. त्या कडक भागाचं टोक आत रोखलेलं असतं, म्हणून बरोबर त्यावर पाय पडला की कळ मस्तकात जाते. करंगळीची बाहेरची बाजू, वाकलेल्या बोटांची पेरं आणि चवडा या त्याच्या ठरलेल्या जागा. दोन्हींचं कारण एकच: घासणं आणि दाब. तळपायाची चामखीळ मात्र विषाणूमुळे होते, पसरते आणि घरातल्या दुसऱ्यालाही होऊ शकते.

ओळखायला एक सोपी चाचणी आहे. बोटाने सरळ खाली दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं तर बहुधा चामखीळ. चामखिळीवरचा थर थोडा घासला की बारीक काळे ठिपके दिसतात, आणि त्वचेवरच्या रेषा तिच्यापाशी तुटतात. कुरुपावरून त्या रेषा तशाच पुढे जातात.

बोटांच्या बेचक्यातलं कुरूप सर्वांत जास्त फसवतं. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये घामाने भिजून ते मऊ, पांढरं पडतं. पावसाळ्यात लोक त्याला चिखल्या समजून आठवडेच्या आठवडे बुरशीचं मलम चोळत बसतात. चिखल्यांना खाज जास्त असते, कुरुपाला ठसठस. तरीही खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि या जागी कॉर्न कॅप लावू नये. ओल्या बेचक्यात आम्ल पसरतं आणि शेजारची चांगली कातडी सोलून काढतं. बोटांमध्ये थोडा कापूस ठेवून जागा कोरडी राखणं आणि पुढून रुंद जोडा घालणं, एवढ्यानेही तिथे पुष्कळ फरक पडतो.

घट्ट्याबद्दल थोडक्यात. दुखत नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही. केनियातल्या लोकांच्या पायांचा अभ्यास २०१९ साली ‘नेचर’मध्ये आला होता. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण त्यामुळे तळपायाची संवेदना कमी झालेली नव्हती. अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाचा घट्टा हे त्याचं संरक्षणच आहे. दुखतो, भेगा पडतात किंवा दिसायला नको वाटतो, तर पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून वजरीने हलक्या हाताने घासावा आणि रात्री युरियाचं क्रीम लावावं. एका बैठकीत सगळा थर काढायचा हट्ट धरू नये.

खरी निवड असते ती दुखणाऱ्या, कडक कुरुपाच्या बाबतीत. कॉर्न कॅप स्वस्त आहे आणि घरच्या घरी लावता येते. तिच्यात बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. ते मेलेली कातडी आणि चांगली कातडी असा भेद करत नाही. म्हणून औषधाचा ठिपका कुरुपापेक्षा मोठा नको, आणि कॅप सरकणार नाही अशी चिकटवायला हवी. पाकिटावर लिहिलेल्या दिवसांनी ती काढायची, पांढरा पडलेला थर घासायचा आणि गरज असेल तर दुसरी लावायची. डॉक्टरकडे गेलात तर ते सर्जिकल ब्लेडने थर तासून मधला कडक गाभा काढतात. मेलेल्या कातडीला संवेदना नसते, त्यामुळे नीट केलेल्या कामात भूलही लागत नाही. लंगडत आत गेलेला माणूस बऱ्याचदा सरळ चालत बाहेर येतो.

मग तासणंच चांगलं, असं वाटेल. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमध्ये सुमारे दोनशे जणांवर केलेल्या चाचणीत उलटं दिसलं. तीन महिन्यांनी सॅलिसिलिक आम्लाची पट्टी लावलेल्यांची ३४ टक्के कुरुपं पूर्ण गेली होती, ब्लेडने तासलेल्यांची २१ टक्के. मला यात जिंकलं कोण यापेक्षा दोन्ही आकडे किती लहान आहेत हे महत्त्वाचं वाटतं. ‘मूळ राहिलं म्हणून पुन्हा आलं’ असं आपल्याकडे म्हणतात. कुरुपाला मूळ नसतं. दाब तसाच राहतो, म्हणून ते परत येतं.

त्यामुळे माझा क्रम असा: पाय निरोगी असेल, कुरूप एकच आणि सहज हात पोचेल अशा जागी असेल, तर आधी कॅप. फार दुखत असेल, तळव्यावर असेल किंवा वय, नजर, कंबर यांमुळे स्वतःच्या पायाशी काम करणं जमत नसेल, तर तासून घ्यावं. घरी दाढीचं ब्लेड लावू नये, आणि रस्त्यावर बसून कुरूप काढून देणाऱ्यांपुढे पाय तर मुळीच धरू नये. बिब्बा लावण्याची रीत अजून गावोगाव आहे. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि दुखणं दुप्पट होतं. कापून टाके घालणं किंवा जाळणं हे शेवटचे पर्याय. तळव्यावर राहिलेला व्रण स्वतःच दुखू शकतो, आणि त्याच्यावर पुन्हा कातडी जाड होते. बोटच वाकडं असेल आणि हाडामुळे दाब येत असेल, तर मात्र हाडाची शस्त्रक्रिया विचारात घेण्याजोगी आहे.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर वरची तुलना तुमच्यासाठी नाही. कॉर्न कॅप, बाटलीतलं औषध, ब्लेड, सगळं बंद. बधिर पायावरचा घट्टा म्हणजे बुटात अडकलेला खडा: टोचत राहतो आणि कळत नाही. त्याच्याखाली जखम होते. घट्ट्यात काळपट-लाल डाग दिसला, पाणी आलं किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. अशा पायांसाठी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या) रबराच्या चप्पल मिळतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी तमिळनाडूत वेल्लोर-करिगिरीकडे जे काम झालं, त्यातून त्या आपल्याकडे रुळल्या.

बाकीच्यांनीही कॅपच्या पाकिटाबरोबर जोड्याचा हिशोब करावा. पुढून निमुळता बूट करंगळीला कुरूप करतो, उंच टाच सगळा भार चवड्यावर ढकलते, आणि पातळ, कडक तळाच्या चपलेत तळव्याला आधारच मिळत नाही. कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा आणि तिच्यावर रोजचा जोडा ठेवा. रेषा चारी बाजूंनी बाहेर दिसत असेल, तर तो जोडा चालू ठेवून केलेला कुठलाही उपाय चार-सहा आठवड्यांपुरताच ठरेल. नवा जोडा घ्यायला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि दोन्ही पायांत घालून दुकानात फिरून बघावं.